वीरकथा आणि बालमन

अलेक्झांडर बालपणी शिकत असताना त्याचा एक शिक्षक लिसिमाकस त्याला कौतुकाने ॲकिलीस म्हणत असे. ॲकिलीस हा होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याचा नायक. पुढे या काव्याची ॲरिस्टॉटलने शुद्ध करून दिलेली प्रत अलेक्झांडर खंजिरासह उशाखाली ठेवी, असे प्लुटार्क सांगतो. इ. स. पूर्व ३३४ मध्ये आशियात उतरताच तो ट्रॉयला गेला आणि ॲकिलीसच्या समाधीला त्याने पुष्पहार वाहिला. बालपणी ऐकलेली कथा त्याच्या आयुष्याची आज्ञाच होऊन बसली. स्पार्टात तर सातव्या वर्षी मुलाला घरातून काढून सामुदायिक शिक्षणात घालीत. तेथे वीरकथा ही करमणूक नव्हती. ती राज्यव्यवस्था होती.

ही मनोवृत्ती केवळ ग्रीकांची नव्हे. चेन्नईतील बेझंट नगरात ज्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे, त्या उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी जीर्ण ताडपत्रे पडताळून १८९४ साली ‘पुरनानूरु’ हा चारशे तमिळ गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. ही गीते सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या समाजाची आहेत. यवनांनी गलबतांतून आणलेल्या मद्याचा उल्लेखही त्यांत सापडतो. एका गीतात मातेचे, पित्याचे, लोहाराचे आणि राजाचे कर्तव्य सांगून, रणात हत्ती मारून परतणे हे मुलाचे कर्तव्य ठरविले आहे. मूल जन्मण्याआधीच त्याचे भवितव्य ठरलेले होते.

परंतु थोर कवी एवढ्यावर थांबत नाहीत. ओक्कूर मासात्तियार या कवयित्रीच्या गीतातील स्त्रीचे दोन आप्त लागोपाठ रणात पडले आहेत. पुन्हा रणभेरी वाजताच ती एकुलत्या मुलाच्या केसांना तेल लावते, हाती भाला देते आणि त्याला धाडते. तो परतला की नाही, हे कवयित्री सांगत नाही. होमरनेही ट्रॉयच्या वेशीवरील एक प्रसंग जपला आहे. हेक्टरच्या शिरस्त्राणावरील हलणारा तुरा पाहून त्याचे तान्हे बाळ भिऊन दाईला बिलगते. तेव्हा हेक्टर हसतो, शिरस्त्राण उतरवून भुईवर ठेवतो आणि मग बाळाला उचलून घेतो. अलेक्झांडरच्या उशाखालील ग्रंथात हेही लिहिलेले होते.

दिवाळीत मातीचा किल्ला रचणाऱ्या मराठी मुलाला मावळ्यांच्या पराक्रमाची कथा अवश्य सांगावी. शौर्यावाचून बालपण दुबळे राहते. मात्र गावच्या वेशीवरचा वीरगळही त्याला दाखवावा. त्यावरील शिल्पपट खालून वर पाहावयाचे असतात: बहुधा तळाशी धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर युद्ध, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. स्वर्गाचा पट दाखविण्यापूर्वी तळाचा पट मुलाला दाखविला पाहिजे. जुन्या पाथरवटांनी तो झाकला नाही. कथा सांगणाऱ्यानेही तो झाकू नये.