विहिरीवरचा सेंट्रीफ्यूगल पंप: बसवताना आणि चालवताना कोणती काळजी घ्याल?

मोटार फिरतेय, आवाजही येतोय, पण पाइपातून पाणी काही पडत नाही. विहिरीवर पंप असलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग कधी ना कधी पाहिलेला असतो. अशा वेळी मोटार बिघडली असं समजून ती खोलली जाते. प्रत्यक्षात दोष अनेकदा पंप बसवण्यात असतो. आणि जिथे पाणी आणि वीज शेजारी असतात, तिथे छोटी चूकही जिवावर बेतू शकते.

हा पंप काम कसा करतो?

पंपाच्या आतला पंखा, म्हणजे इम्पेलर, वेगाने फिरतो आणि पाणी मधून कडेला फेकतो. त्यामुळे मध्यभागी दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतोच. तो दाब पाण्याला सक्शन पाइपातून वर ढकलतो. म्हणजे पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण खरं काम हवा करते.

हवेच्या या ताकदीला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला ती जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उचलू शकते. पुण्यासारख्या सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या ठिकाणी हा आकडा ९.७ मीटरच्या आसपास येतो. पाइपातलं घर्षण आणि इतर तोटा धरला, तर पाण्याची पातळी आणि पंप यांच्यातलं उभं अंतर ६ मीटरच्या आत ठेवलेलं बरं.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप पाणी सोडतो, त्यामागे हेच कारण असतं. अशा वेळी मोठ्या हॉर्सपॉवरची मोटार घेऊन उपयोग होत नाही. पंप खालच्या टप्प्यावर घ्यावा लागतो किंवा सबमर्सिबल पंपाचा विचार करावा लागतो. खाली घेतलेला पंप पावसाळ्यापूर्वी वर काढायला मात्र विसरू नये.

बसवताना काय पाहावं?

- पंप आणि मोटार सपाट, पक्क्या काँक्रीटच्या ओट्यावर नटबोल्टने घट्ट बसवावी. पाइपाचं वजन पंपावर येऊ देऊ नये, पाइपाला वेगळा आधार द्यावा.
- सक्शन पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ असावा. तो पंपाकडे किंचित चढता ठेवावा. मध्येच उंचवटा आला तर तिथे हवा अडकते.
- फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळापासून वर आणि पाण्यात पुरेसा बुडालेला असावा.
- सक्शनच्या एकाही जोडातून हवा शिरता कामा नये. डिलिव्हरीची गळती डोळ्यांना दिसते, पण सक्शनची दिसत नाही.

विजेची जोडणी

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. थ्री-फेज मोटारीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर असावा, कारण एक फेज गेला तरी मोटार फिरत राहते आणि वाइंडिंग जळतं. फ्यूजच्या जागी जाड तार टाकणं म्हणजे मोटारीचं संरक्षणच काढून टाकणं.

पहिल्यांदा चालू करताना फिरण्याची दिशा पंपावरच्या बाणाशी जुळते का, ते पाहावं. उलटी असेल तर पुरवठा बंद करून कोणत्याही दोन फेज आपसात बदलाव्यात.

चालू करताना

आधी पंप आणि सक्शन पाइप पाण्याने भरून हवा पूर्ण बाहेर काढावी. याला प्रायमिंग म्हणतात. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी असल्याने आत हवा असेल तर इम्पेलर पुरेसा दाबफरक तयार करू शकत नाही. पंप कोरडा चालला तर सीलही खराब होतं.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटार सुरू करावी. त्या वेळी तिच्यावर सर्वांत कमी भार असतो. वेग धरला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. बंद व्हॉल्व्हवर पंप जास्त वेळ चालवला तर आतलं पाणी तापतं.

चालू असताना

ग्लँड असलेल्या पंपात तिथून थेंब थेंब पाणी पडणं हा दोष नाही. त्या पाण्याने शाफ्ट थंड राहतो, म्हणून ग्लँड करकचून आवळू नये. आतून खडे वाजल्यासारखा आवाज आला तर सक्शनची तपासणी करावी.

पावसाळ्यात विहीर भरली की पंपाला कमी उंची गाठावी लागते, तो जास्त पाणी फेकतो आणि मोटारीवरचा भार वाढतो. अँपिअर वाढले तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळावा. सक्शनचा व्हॉल्व्ह कधीही आवळू नये.

बंद करताना आधी डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू बंद करावा, मग मोटार. नाहीतर वरच्या पाण्याचा उलटा दणका पंपाला बसतो.

जीव वाचवणारे नियम

पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. ऑटो स्विच असेल तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. रबरी चप्पल घातली म्हणजे शॉक लागणार नाही, हाही गैरसमज आहे. कुणाला शॉक लागला तर त्या व्यक्तीला हात लावण्याआधी पुरवठा तोडावा.

डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो कोंडलेल्या विहिरीत साचतो आणि उतरणाऱ्याला सावध व्हायलाही वेळ मिळत नाही. आत दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत इथे कामाची नाही. प्राणघातक प्रमाणात हा वायू असला तरी दिवा जळत राहू शकतो. आत कुणी बेशुद्ध पडलं, तर मागोमाग उडी घेणाराही त्याच हवेत श्वास घेतो. म्हणून आधी मदत बोलवावी आणि दोर बांधल्याशिवाय, श्वसनाच्या उपकरणाशिवाय कुणालाही खाली उतरू देऊ नये.