आठ लाखांची पेन्शन आणि पवईची जमीन: १८५१ साली निवर्तलेले दोन वृद्ध

१८५१ साली दोन वृद्धांचे निधन झाले. एक गंगाकाठच्या बिठूरला, दुसरा मुंबईत. पहिले दुसरे बाजीराव पेशवे, दुसरे पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी बनाजी. दोघांची भेट झाल्याचा उल्लेख नाही; परंतु दोघांच्या उत्तरायुष्याच्या तरतुदीवर एकाच इंग्रजाची सही-शिफारस होती. त्याचे नाव सर जॉन माल्कम.

आधी बिठूर. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमला शरण आले, तेव्हा त्यांचे वय ४३ होते. राज्यावरचा हक्क सोडायचा, दक्षिणेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, आणि त्याबदल्यात सालीना किमान आठ लाख रुपये घ्यायचे, असा करार ठरला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांना ही रक्कम फार वाटली. त्यातच बाजीराव त्यानंतर साडेबत्तीस वर्षे जगले आणि कंपनीला अडीच कोटींहून अधिक रुपये मोजावे लागले. पेन्शन घेणारा दीर्घायुषी निघाला की देणाऱ्याचा हिशेब कोसळतो. विम्याच्या धंद्याला आजही हीच धास्ती असते.

बाजीरावांना पुढची चिंता नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी नानासाहेबांना दत्तक घेतले, १८३९ मध्ये मृत्युपत्र करून त्यांना वारस ठरवले. मृत्युपत्राने जडजवाहीर देता येते, रोखे देता येतात. पेन्शन देता येत नाही. ती व्यक्तीला होती, घराण्याला नव्हती, अशी भूमिका डलहौसीने घेतली आणि बाजीरावांच्या पश्चात ती बंद झाली. अझीमुल्ला खान नानासाहेबांची बाजू मांडण्यासाठी लंडनपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतले. १८५७ ची कानपूरची कथा याच नकारापासून पुढे सुरू होते. अर्थात नकार हे उठावाचे एकमेव कारण मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आता पवई. १८२७ ते १८३० या काळात माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता. साष्टीतील पवईची जहागीरवजा इस्टेट त्यापूर्वी डॉ. स्कॉट नावाच्या इंग्रजाकडे होती. १८२९ मध्ये ती फ्रामजींकडे आली. फ्रामजींचा जन्म १७६७ चा, म्हणजे त्यांनी बासष्टी गाठली होती. व्यापारात पैसा आणि नाव मिळवून झाले होते. त्या काळच्या मुंबईतील व्यापाऱ्याला ना पेन्शन, ना निधी. म्हातारपणाचा आधार म्हणजे घरातली माणसे, पेढीवरची पत आणि जमीन. या वयात सहसा माणूस आवराआवर करतो. फ्रामजींनी जंगल-खडकाळीची जमीन घेतली. विहिरी खोदल्या, रस्ता केला, ऊस लावला, साखरेचा घाणा उभारला, नीळ आणि रेशमासाठी तुतीची लागवड केली.

मुंबई सोडण्यापूर्वी, १८३० मध्ये, माल्कम स्वतः पवई पाहून आला आणि आपल्या टिपणात त्याने या उद्योगाची तोंडभर स्तुती नोंदवली. बाजीरावांशी ज्या हाताने करार केला, त्याच हाताने हे टिपण लिहिले गेले, हे विसरता येत नाही. एका हिंदी माणसाला त्याने काहीही न करण्याबद्दल पैसे देववले. दुसऱ्याला काहीतरी करण्यासाठी जमीन मिळवून दिली. कंपनीला दोन्ही सोयीचे होते. स्वस्थ बसलेला पेशवा आणि राबता जमीनदार, दोघांपासूनही उपद्रव नव्हता.

तरीही फरक उरतोच. फ्रामजींची साखर, नीळ, रेशीम हे प्रयोग पवईत टिकले नाहीत. तुतीच्या बागांची आज तिथे खूणही नाही. म्हणजे आर्थिक शहाणपणाचा हा आदर्श नमुना नव्हे. परंतु जमिनीवरचा हक्क वारसांकडे जाऊ शकत होता, आणि फ्रामजींचे पुढचे दिवस कोणाच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले नाहीत. १८३८ मध्ये, वयाच्या एकाहत्तरीत, त्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी मुंबईचे आंबे आगबोटीने इंग्लंडला धाडले. ८४ वर्षांच्या या गृहस्थाच्या निधनानंतर शहराने धोबी तलावाजवळ फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट उभारले.

पवईच्या शिवारात १८८९ ते १८९१ दरम्यान मिठीच्या एका उपप्रवाहावर बांध घालून मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी तलाव करण्यात आला. त्याचे पाणी लवकरच पिण्यास अयोग्य ठरले. तलाव मात्र राहिला.