रॅम मॉड्यूल : खानदेशचे ऊन आणि संगणकाची स्मृती

रॅम मॉड्यूल. संगणकाच्या चालू कामातली माहिती तात्पुरती सांभाळणाऱ्या चिपांची पट्टी. मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये ती बसवतात. प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकतो. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशी ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ चे. भार सतत गळत असल्याने प्रत्येक कप्पा ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. उष्णतेने गळती वाढते, म्हणून चिपेचे तापमान ८५ अंशांपलीकडे गेल्यास हा अवधी ३२ मिलिसेकंदांवर आणतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि जळगावचे गोलाणी मार्केट असो की धुळ्याचे एखादे दुकान, बंद पडलेल्या रॅमचा दोष सहज उन्हावर जातो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे आहे. खोलीत ४५ अंश, कॅबिनेटमध्ये आणखी १५ आणि पट्टीच्या स्वतःच्या कामाने १० धरले, तरी बेरीज ७० होते. मर्यादा बरीच दूर राहते. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या मोठ्या अभ्यासातही इतर घटक वजा केल्यावर तापमानाचा चुकांवरील परिणाम आश्चर्य वाटावे इतका कमी दिसला. ते सर्व्हर थंड ठेवलेल्या दालनांतले होते, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्या अभ्यासावर एकट्याने भिस्त ठेवू नये. पण वरची बेरीज तर इथल्याच उन्हाची आहे. मग उन्हाळ्यात यंत्रे जास्त का बंद पडतात? भर दुपारी अचानक बंद होणारा संगणक बहुधा तापलेल्या प्रोसेसरला वाचवण्यासाठी बंद होतो. रॅमचा दोष निराळा दिसतो : सुरू करताच बीप, पडदा काळा, किंवा निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळी चूक. लॅपटॉपच्या बंद पोटात, पंखा धुळीने तुंबला असेल तर, उष्णतेचा दोष खरा ठरू शकतो. तिथेही आधी पंखाच साफ करावा.

खरा शत्रू धूळ आहे. जिनिंग किंवा डाळमिलच्या कार्यालयात कापसाचे तंतू आणि भुसा कॅबिनेटमध्ये शिरतात, सोनेरी संपर्कपट्ट्यांवर थर बसतो आणि जोड सुटतो. म्हणूनच कारागीर पट्टी काढून संपर्कांवर खोडरबर हलकेच फिरवतात, कण झटकून ती पुन्हा बसवतात, आणि पुष्कळदा तेवढ्याने ‘मेलेली’ रॅम चालू लागते. मात्र कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज चिप कायमची निकामी करू शकते. पट्टीला हात लावण्यापूर्वी वीज काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. नवी पट्टी घ्यायचीच झाली, तर पिढी जुळवावी : डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. डीडीआर५ लाही २८८ पिना असतात, पण व्होल्टेज १.१ आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे ती डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही.