ॲमेझॉन : पाऊस घडविणारे अरण्य

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात पसरलेले वर्षावन हे जगातील सर्वांत मोठे उष्णकटिबंधीय अरण्य होय. त्याचा सुमारे ६० टक्के भाग ब्राझीलमध्ये असून उर्वरित भाग पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया आदी देशांत आहे.

हे अरण्य केवळ पावसावर जगत नाही, तर पाऊस घडवितेही. अटलांटिक महासागरावरून येणारे बाष्प प्रथम पूर्व भागात बरसते. मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे पुन्हा हवेत जाते आणि अँडीज पर्वताच्या दिशेने सरकत पुन्हा पाऊस होऊन पडते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेयास सलाती यांनी १९७०च्या दशकात पावसातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा अभ्यास करून हे चक्र दाखवून दिले. खोऱ्यातील सुमारे निम्मा पाऊस असा पुनरावृत्त होतो, असे त्यांचे अनुमान होते.

त्याच दशकात ट्रान्स-ॲमेझॉन महामार्गासारखे रस्ते अरण्यात शिरले. पाठोपाठ लाकूडतोड, गुरांची कुरणे आणि पुढे सोयाबीनची शेती आली. आजवर सुमारे १७ टक्के अरण्य नष्ट झाले असून त्यातील बहुतांश जमीन कुरणांखाली आहे. गवताची मुळे उथळ असल्याने कोरड्या ऋतूत ती खोलवरचे पाणी हवेत पोहोचवू शकत नाहीत. साहजिकच वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या अखंड अरण्याचाही पाऊस घटतो.

हवामानबदलामुळे हे संकट दुणावते. उत्तर अटलांटिक तापला की पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो. २००५ व २०१०च्या तीव्र दुष्काळांमागे हे मोठे कारण होते. २०२३ मध्ये त्याला एल निनोची जोड मिळाली आणि मनाउस येथे रिओ नेग्रो नदीने शतकभरातील नीचांक गाठला. २०२४ मध्ये तोही मोडला. जमीन साफ करण्यासाठी लावलेल्या आगी अशा वर्षी वाळलेल्या रानात पसरतात. आग्नेय ॲमेझॉन शोषण्यापेक्षा अधिक कार्बन बाहेर टाकत असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

तोड २० ते २५ टक्क्यांवर गेल्यास पूर्व, दक्षिण व मध्य भागांतील अरण्य विरळ गवताळ रानात बदलू शकेल, असा इशारा थॉमस लव्हजॉय व कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये दिला. तोड रोखणे मात्र अशक्य नाही. उपग्रहांद्वारे देखरेख, कायद्याची अंमलबजावणी आणि संरक्षित क्षेत्रे यांमुळे ब्राझीलमधील वार्षिक तोड २००४ मधील २७ हजारांहून अधिक चौरस किलोमीटरवरून २०१२ मध्ये ५ हजारांच्या आत आली होती. पुढे ती पुन्हा वाढली आणि २०२१ मध्ये १३ हजारांवर पोहोचली. २०२३ पासून ती पुन्हा घटू लागली. तापमानवाढ रोखणे एका देशाच्या हाती नाही. तोड थांबवून पावसाचे चक्र टिकविणे मात्र खोऱ्यातील देशांच्या हाती आहे.