शस्त्र अधिनियम, भारतीय

नागरिकांनी शस्त्रे बाळगण्यावर शासकीय नियंत्रण ठेवणारा कायदा. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये झालेल्या अधिनियमाने भारतीयांना परवाना सक्तीचा केला. यूरोपियनांना मात्र सूट मिळाली. हा भेद मवाळ व जहाल दोघांनाही सारखाच खुपला. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात कायदा शिथिल करण्याची मागणी केली, १९१८ मध्ये अहिंसेचे पुरस्कर्ते म. गांधी यांनीही त्याचा कठोर निषेध केला आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमाधीन शस्त्रधारणेचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला.

स्वातंत्र्यानंतर भूमिका पालटल्या. त्याच ठरावाच्या आधारे ह. वि. कामथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत उपसूचना मांडली. असा हक्क गुन्हेगारांनाही मागता येईल, असा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी घेतला व ती फेटाळली गेली. अमेरिकेच्या संविधानात १७९१ पासून असलेला हक्क भारतात आला नाही, तो असा. काँग्रेस शासनाच्या १९५९ च्या अधिनियमाने परवानापद्धती कायम राखली. १९८३ मध्ये व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा आली, ती २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या शासनाने दोनवर आणली.

ठाणे जिल्ह्यातील कसारा, शहापूर व मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात प्रश्न पक्षापेक्षा पिकाचा आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या अधिनियमातच आहे. उलट, १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार अभयारण्याच्या दहा किमी. परिसरात नव्या परवान्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य पसरलेले असल्याने भातशेती राखू पाहणाऱ्या तेथील शेतकऱ्यास दोन्ही कायद्यांना सामोरे जावे लागते.