विंचूदंश : मुलांतील हृदयविकार

तांबड्या विंचवाच्या (हॉटेन्टोटा टॅम्युलस) विषामुळे मुलांच्या हृदयाला होणारी तीव्र, पण वेळेवर उपचार मिळाल्यास बहुधा पूर्ण भरून येणारी इजा. हा विंचू कोकणात भाताच्या पेंढ्यात, सरपणात, दगडविटांच्या ढिगात आढळतो. मूल जितके लहान, तितके वजनाच्या मानाने विष जास्त. म्हणून मोठ्या माणसाला सोसणारा दंश लहानग्याच्या जिवावर बेततो.

विषामुळे चेतातंतूंतील सोडियमच्या वाहिन्या लवकर मिटत नाहीत. अ‍ॅड्रिनलीन व नॉरअ‍ॅड्रिनलीन यांचा रक्तात लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. हृदयाचा डावा कप्पा थकला की फुप्फुसांत पाणी साचते. मुलाला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

वेदनेवरून धोका जोखणे घातक आहे. ठणक्याने मोठमोठ्याने रडणाऱ्या मुलाचे हृदय बहुधा शाबूत असते. उलट दुखल्याची फारशी तक्रार न करणारे, पण ओकणारे, घामाने कपडे भिजवणारे, हातपाय गार पडलेले मूल तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. मुलग्यांत लिंग ताठर होणे ही लवकर दिसणारी खूण; संकोचापायी ती डॉक्टरांना सांगायची राहू नये. मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेण्यात जाणारे तास याच टप्प्यातले असतात.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील रुग्णांच्या निरीक्षणातून ही पूर्वलक्षणे नोंदवली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशात वापरले. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पूर्वी गंभीर विषबाधेत सुमारे 30 टक्क्यांपर्यंत असणारे मृत्यूचे प्रमाण त्यानंतर खूपच खाली आले. मुलांना हे औषध दर किलो वजनामागे 30 मायक्रोग्रॅम तोंडावाटे देतात, 3 तासांनी पुन्हा, आणि पुढे हातपाय कोमट होईपर्यंत दर 6 तासांनी. या काळात मुलाला आडवेच ठेवतात. रडते म्हणून आईने त्याला खांद्यावर उभे धरले, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. उलट्या व घामाने गेलेले पाणी भरून काढतात. अ‍ॅट्रोपीन मात्र टाळतात, कारण त्याने हृदयावरचा ताण वाढतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण अधिक लवकर सावरले.