बाळंतघराची यादी

घरात मूल जन्माला येणार असे कळले, की कोणीतरी कागद घेऊन यादी करावयास बसतेच. झबली किती, टोपडी किती, पाळणा नवा घ्यावा की माळ्यावरचा जुनाच उतरवावा, वाळे चांदीचे करावेत की बिंदल्या सोन्याच्या, दुधाची बाटली आधीच आणून ठेवावी की नाही, असे प्रश्न निघतात. आणि ‘मूल हाती येईपर्यंत नवे काही आणू नये’ असे बजावणारी एखादी आजीही त्या बैठकीत असते. हा विषय गृहिणींचा. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु दफ्तरातील खर्चाच्या याद्यांवरून आपण एखाद्या राज्याची स्थिती ताडतो. मग बाळंतघराच्या यादीवरून त्या काळच्या माणसांना कशाची भीती वाटे आणि त्यांचा भरवसा कशावर होता, हे का ताडू नये? आज तोच प्रयत्न करावयाचा आहे, आणि त्यासाठी मी उज्जैन हे शहर निवडले आहे.

उज्जैन आपल्याला परके नाही. राणोजी शिंद्यांपासून ते शिंदेशाहीचे ठाणे होते. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी मराठी घरे क्षिप्रेच्या काठी राहिलीच. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर आजही भर बाजारात उभे आहे. पण या शहराची निवड करण्याचे याहूनही मोठे कारण वाङ्मयात आहे. संस्कृतातील एका थोर कथेतील बाळंतघर उज्जयिनीत आहे, आणि एका थोर नाटकातील खेळणेही उज्जयिनीतच आहे.

कथा म्हणजे सातव्या शतकातील बाणभट्टाची ‘कादंबरी’. उज्जयिनीचा राजा तारापीड आणि राणी विलासवती यांना मूल नाही. एका चतुर्दशीला राणी महाकालाच्या दर्शनाला जाते. तेथे चाललेल्या महाभारताच्या पठणात, निपुत्रिकाला शुभ लोक नाहीत, असे तिच्या कानी पडते आणि ती दुःखाने अन्न टाकते. पुढे नवससायास होतात, राजाला स्वप्न पडते आणि यथाकाल चंद्रापीड जन्मतो. या प्रसंगी बाणाने राणीच्या सूतिकागृहाचे मोठे तपशीलवार वर्णन केले आहे. हळदीने पिवळ्या केलेल्या वस्त्रातील षष्ठीदेवी, मोरावर बसलेला कार्तिकेय, सूर्यचंद्राच्या आकृती, दाराशी बांधलेला म्हातारा बोकड, सापाची कात आणि मेंढ्याचे शिंग जाळून केलेली धुरी, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, असे कितीतरी पदार्थ त्यात आले आहेत. हा राजा काव्यातला आहे, इतिहासातला नव्हे. तथापि अशा वस्तू कवी केवळ कल्पनेतून काढीत नाही. आपल्या काळच्या घरांत त्याने जे पाहिले तेच त्याने राजवाड्यात नेऊन मांडले असावे.

ही सारी यादी भीतीची आहे. प्रत्येक वस्तू कोणाला तरी आत येऊ न देण्यासाठी ठेवलेली आहे. दारात बसविलेली ही षष्ठी म्हणजेच आपली सटवाई. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाईची पूजा मांडतात, कोरा कागद व लेखणी ठेवतात आणि ती रात्र जागून काढतात, त्यामागे हेच जुने भय आहे. ते भय निराधार मात्र नव्हते. त्याकडे मी पुन्हा येणारच आहे.

आता बाणाच्या यादीशेजारी दुसरी यादी ठेवून पाहू. ती उज्जयिनीची नाही, पण साऱ्या भरतखंडातील वैद्यांच्या हाती होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकारास आलेल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात, नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागृह तयार असावे, असे सांगितले आहे. जागा हाडे, खडे, खापऱ्या काढून टाकलेली असावी. दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. अग्नी, पाणी, उखळ, न्हाणी, शौचाची जागा, स्वयंपाकघर ही ऋतूला सोयीची असावीत. नंतर सामान येते: तूप, तेल, मध, निरनिराळी मिठे, सुंठ, पिंपळी, वेखंड, हिंग, मोहरी, लसूण, कुळीथ, तीक्ष्ण लोखंडी शस्त्रे, बेलाच्या लाकडाच्या दोन बाजा, सर्पण. या यादीतील निम्मे जिन्नस आजही मराठी बाळंतिणीसाठी वाण्याकडून येतात.

या यादीत दोन दगडही आहेत. ते कशासाठी, हे पुढे कळते. जन्मलेले मूल रडले नाही, निपचित राहिले, तर त्याच्या कानांच्या मुळाशी दगडावर दगड आपटावा, तोंडावर पाणी शिंपडावे, सुपाने वारा घालावा, असे ग्रंथ सांगतो. आजचा डॉक्टर अशा बाळाला कोरडे करतो, पाठ चोळतो, आणि तेवढ्याने श्वास आला नाही तर मुखवट्याच्या पिशवीने फुप्फुसांत हवा भरतो. उपाय बदलला, परंतु जन्मानंतरची पहिली काही मिनिटे निर्णायक असतात आणि त्यांचे साहित्य आधीच हाताशी असले पाहिजे, ही दृष्टी तीच आहे.

चरकाच्या यादीत वस्तूंच्या बरोबरीने माणसेही आहेत. अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ, कामात कुशल आणि न कंटाळणाऱ्या स्त्रिया जवळ असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. बाळाच्या अंथरूण-पांघरुणांविषयी तर ग्रंथकार आजच्या परिचारिकेसारखाच बोलतो. ती मऊ, हलकी व स्वच्छ असावीत. घाम, मळ, मूत्र लागलेली टाकून द्यावीत. ते शक्य नसेल तर नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडी करून वापरावीत. ज्याला टाकणे परवडत नाही अशा घराचा विचार येथे केलेला आहे. आपल्या आज्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी करीत, ती याच शहाणपणाची परंपरा म्हणता येईल. खेळणी कशी असावीत, हेही चरक सांगतो: रंगीत, आवाज करणारी, पण जड नसलेली, टोक नसलेली, तोंडात न जाणारी आणि मुलाला न भिवविणारी. आज खेळण्यांच्या खोक्यावर ज्या सूचना छापतात त्यांतील मुख्य गोष्टी येथे आल्या आहेत.

मात्र जुने ते सारे निर्दोष, असे मानण्याचे कारण नाही. नवजात मुलाला प्रथम मध-तूप चाटविण्याचा जो विधी सांगितला आहे, तो आजचे वैद्यक नाकारते. वर्षाच्या आतील मुलाला मध दिल्यास त्यातील जंतूंपासून विषबाधेचा धोका असतो. पुढच्या काळात आईचा पहिला चीक कित्येक घरांत काढून टाकला जाई, तीही मोठी चूक होती. तो चीक म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण होय.

आता त्या सहाव्या रात्रीकडे येऊ. जन्मताना धडधाकट असलेले मूल तीन-चार दिवसांनी किंवा आठवड्याच्या सुमारास दूध ओढीनासे होते, जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि मूल जाते. हा धनुर्वात. नाळ कापण्याचे विळ्याचे पाते, नाळ बांधण्याचा दोरा, शेणाने सारवलेली जमीन, नाळेवर टाकलेली राख किंवा माती, यांतून त्याचे जंतू शिरतात. शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने हा जंतू १८८९ साली शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्यापूर्वीच्या मातांना एवढेच ठाऊक होते, की पाचवी-सहावीच्या आसपास कोणीतरी येते आणि मूल घेऊन जाते. त्या कोणाला तरी त्यांनी सटवाई म्हटले, तिला हळदकुंकू वाहिले आणि दारावर पहारा ठेवला. वैरी मात्र दारातून येत नव्हता. तो सुईणीच्या विळ्याला लागून आधीच आत आलेला असे.

उज्जैनला ही विसंगती विशेष जाणवते. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी रेखांशाची गणना या नगरीपासून केली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी येथे वेधशाळा उभारली. जन्मवेळ अचूक टिपण्यासाठी तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. कुंडलीसाठी पळाचा हिशेब ठेवणाऱ्या कित्येक घरांत नाळ कापावयाचे पाते कोणी उकळत नसे. पाते उकळण्यास पैसा लागत नाही; ते का उकळावयाचे, हे ठाऊक असावे लागते.

उज्जैन काय, पुणे-कल्याण काय, मराठी घरांची या बाबतीत एकच गत होती. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीस होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहाव्या दिवशी गेले. त्या दुःखातून या मुलीने वैद्यकी शिकण्याचा निश्चय केला आणि ती अमेरिकेला गेली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून पदवी घेताना तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. आपल्या पूर्वजांच्या ज्ञानात काय होते आणि कशाच्या अभावी आपले मूल गेले, हे दोन्ही प्रश्न त्या निवडीमागे असतील असे मला वाटते. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती; पण १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर काम पुढे गेले ते सावकाश. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या निधीतून स्त्रियांसाठी दवाखाने निघू लागले होते. १९०३ साली सुईणींच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मराठी स्त्रिया परिचारिका होऊ लागल्या. पुढे गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस देण्यात येऊ लागली, आणि सुईणींना पाच गोष्टी शिकविण्यात आल्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि काहीही न लावलेली स्वच्छ नाळ. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने गरीब स्त्रियांची पावले रुग्णालयाकडे वळविली. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली प्रमाणित झाले. निर्मूलन याचा अर्थ रोग अत्यल्प उरला, एवढाच. जंतू मातीत आहेतच, म्हणून लस व स्वच्छता सोडून चालणार नाही.

शेवटी, उज्जयिनीतील ते खेळणे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून, आपली मातीची गाडी नको म्हणून रडतो. वसंतसेनेला त्याची कणव येते आणि ती आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. तिचा हेतू प्रेमाचा. पण पुढे तेच दागिने न्यायसभेत विदूषकाच्या कनवटीतून खाली पडतात आणि चारुदत्तावर खुनाचा पुरावा ठरतात. मुलाला खेळावयास गाडी हवी होती. सोने हवे होते ते त्याच्या रडण्याला, आणि ते रडणे शेजारच्या घरावरून आलेले होते. आजच्या याद्यांतील कितीतरी वस्तू अशाच शेजारच्या घरावरून येतात.

म्हणून घरात यादी करावयास बसणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. लस टोचून घेण्याची तारीख, रुग्णालयाचे नाव आणि रात्री-अपरात्री तेथे नेणारे वाहन, या तीन गोष्टी आधी लिहाव्यात. मग धुऊन उन्हात वाळविलेली सुती दुपटी, झबली आणि टोपडी. दुधाची बाटली व भुकटी डॉक्टरांनी सांगितल्यावाचून आणू नयेत. त्यांच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी घातली आहे, ती विनाकारण नव्हे. बाळंतिणीच्या उशाशी कोणती अनुभवी, शांत स्वभावाची बाई राहील, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. एवढे झाले म्हणजे वाळे, बिंदल्या, पाळणा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे खुशाल आणावेत. सटवाईची पूजाही ज्यांना मांडावयाची त्यांनी अवश्य मांडावी. त्या रात्री जागणाऱ्या आईने बाळ दूध नीट ओढते आहे ना, तेवढे मात्र पुन्हा पुन्हा पाहावे.